फळ्यांपलीकडचा आवाज

हार्टफर्ड, १७ फेब्रुवारी २००८

आयोनी,

तुझा टोरांटोचा पत्ता लॅसेल्सकडून काढला. देत नव्हता. म्हणाला, "क्लोव्ह्या, तिला तुझं पत्र हवं असतं तर तिनेच नसता का दिला पत्ता?" एकोणीस वर्षं आपल्या दोघांच्या मागे बसून ड्रम बडवतोय, तेवढ्यावर आपल्या घरातलं सगळं आपल्याला कळतं असा त्याचा समज आहे. शेवटी एका पाकिटावर खरडून दिला, आणि वर ऐकवलं, "भांडायला लिहिणार असशील तर माझं नाव सांगू नकोस."

भांडायला लिहीत नाहीये. सोबत कात्रण आहे. तू ते न वाचताच फेकशील हे मला माहीत आहे, म्हणून इथेही उतरवतो. न्यूयॉर्कच्या मासिकातलं आहे, आणि अर्धं पान फक्त आपल्यावर:

"कनेटिकटच्या तंबाखूच्या शेतांतून आलेल्या 'शेडलीफ' या बँडला रेगे येतं हे आपल्याला ठाऊक होतं. पण नव्या तबकडीतलं शेवटचं गाणं, 'अजून एक वर', ऐकून मी खुर्चीतून उठलो. मिक्सिंगला बसलेल्या क्लोव्हिस पिनॉक यांनी त्या गाण्यातून गायिकाच काढून टाकली आहे. उरलाय तो तिचा माग. कुणीतरी भिंतीपलीकडून हाक मारतं आणि हाक पोचेपर्यंत माणूस गेलेलं असतं. अमेरिकेत डब करणाऱ्या कुणाच्याही अंगात हे धाडस आजवर मी पाहिलं नव्हतं."

धाडस म्हणतो तो! अल्बनी अ‍ॅव्हेन्यूवरच्या न्हाव्याच्या दुकानात लॅसेल्सने हे मोठ्याने वाचून दाखवलं. अर्ध्या तोंडाला फेस लावलेली माणसं उठून माझ्याशी हात मिळवायला आली. पॅटीवाल्या बाईने दोन पॅटी फुकट दिल्या, जी बाई सख्ख्या भावालाही फुकट देत नाही.

गाणं तू लिहिलेलं आहे. म्हणून कळवलं, एवढंच.

आई बरी आहे. उजवा कान पूर्ण गेला, डावा अर्धा चालतो. तुझ्याबद्दल विचारत नाही.

क्लोव्हिस


हार्टफर्ड, ९ मार्च

आयोनी,

माझं कात्रण मलाच परत आलं. मागच्या कोऱ्या बाजूवर तुझी ओळ: "तो माग कुणाचा आहे हे त्यांना सांगितलंस का? आणि मुळात माझा आवाज का काढलास?" ना वर मायना, ना खाली सही. दीड वर्षाने बहीण भावाला लिहिते ती अशी.

डब म्हणजे काय हे मला शिकवू नकोस, बये. गाणाऱ्याला बाहेर काढायचं, बेस आणि ड्रम ठेवायचे, वर एको सोडायचा. मी हे करत होतो तेव्हा तू फ्रॉक घालून चर्चमध्ये टाळ्या वाजवत होतीस. आणि हे मी काही हौसेने केलं नाही. टेप खराब निघाली. या गाण्याच्या सातव्या ट्रॅकवर नुसता तुझा आवाज होता, तोच ट्रॅक गेला. तू तोवर निघून गेली होतीस, परत गाऊन कोण देणार होतं? युरोपचा दौरा ठरल्यावर, एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ठरल्यावर, "मी येत नाही, टोरांटोच्या हॉस्पिटलात नोकरी घेतली आहे," असं सांगून तू गेलीस. मी काय करायचं होतं? दौरा गेला. तबकडी तरी निघाली.

राहिला तो माग तुझ्याच हट्टामुळे राहिला. विंडसरच्या चार नंबरच्या शेडमध्ये रेकॉर्डिंग करायचं, हे तुझं. बाबा तंबाखूची पानं टांगायला बावीस उन्हाळे ज्या तुळईवर चढून उभे राहिले, त्याच तुळईखाली उभी राहून मी गाणार, हेही तुझंच. मी सांगितलं होतं, लॅसेल्सच्या ड्रमला चिकटून उभी राहू नकोस, तुझा आवाज त्याच्या माइकमध्ये शिरेल. ऐकलंस? शिरलाच. मी तीन आठवडे बसलो, घासून घासून काढायला बघितला. तुझा आवाज काढला की झांजा जातात. लॅसेल्सला म्हटलं पुन्हा वाजव. तो म्हणाला, "एकदा बरोबर वाजवलंय, आता मेलो तरी वाजवणार नाही." शेवटी एवढा एको ओतला की खाली काय आहे ते कळू नये. लोकांना नेमका तोच आवडला.

लंडनहून एक परीक्षण आलंय, सॅन फ्रान्सिस्कोहून एक. दोघंही त्याच चार मिनिटांवर लट्टू. माझ्या बेसबद्दल एक अवाक्षर नाही.

क्लोव्हिस


हार्टफर्ड, ३० मार्च

आयोनी,

तुझं कार्ड मिळालं. "ट्रॅक आपोआप गेला होता, तर उरलेला आवाज तीन आठवडे घासत का होतास?"

लहानपणीही तू अशीच होतीस. सगळे जेवताना तूच विचारायचीस की बशीतला मासा कमी कसा झाला.

त्याचं उत्तर देतो. पण आधी ईस्टरला काय झालं ते सांगतो, कारण ते झालं नसतं तर मी आजही टेपवरच ढकललं असतं.

चर्चहून आई आली ती जांभळी टोपी डोक्यावर तशीच ठेवून खुर्चीत बसली. चर्चमधल्या बायकांनी तिच्या कानात ओरडून सांगितलं होतं की तुझ्या मुलाचं नाव मासिकात आलंय. लॅसेल्स बन आणि चीज घेऊन आला होता. आई म्हणाली, "लाव ती तबकडी. माझा मुलगा काय करतो ते मला कळू दे." मी म्हटलं, आधी खाऊन घेऊ. लॅसेल्सने लावलीसुद्धा.

ती कशी ऐकते हल्ली, तुला माहीत नाही. स्पीकरच्या लाकडावर तळहात ठेवते. बेस आला की मान डोलावते. "हा तू," म्हणाली, "पोटात लागतो." नऊ गाणी अशी ऐकली. दहावं लागलं. तिने टोपी काढली, वाकली, आणि डावा कान पेटीला लावला. बराच वेळ तशीच.

मग म्हणाली, "ही आयोनी."

मी म्हटलं, "आई, तिचा आवाज नाहीये यात. तिनेच काढायला लावला ना?"

"मी बहिरी होतेय, खुळी नाही. 'वर' म्हणायच्या आधी श्वास घेते ती. तुझा बाप तुळईवरून ओरडायचा तेव्हा घ्यायचा, तस्सा." कान तिने उचलला नाही. "माझी पोर भिंतीपलीकडे का उभी आहे, क्लोव्हिस? तिला बाहेर का ठेवलंय? आत घे तिला."

लॅसेल्स माझ्याकडे बघत होता. मी चहा टाकायला आत गेलो. आलं किसता किसता बोट सोललं, तरी किसतच राहिलो.

आता दोन गोष्टी कबूल करतो. पहिली, 'तिनेच काढायला लावला'. तू गेलीस त्याच आठवड्यात मी आईला असं सांगितलं. म्हटलं, आयोनीचा फोन आला होता, बाबांचं गाणंबिणं काही नको म्हणते, माझा आवाज पुसून टाका म्हणते. आईने एक शब्द विचारला नाही. तिचा स्वभाव तुला माहीत आहे. जो तिच्या नवऱ्याचं नाव टाकेल त्याला ती टाकते. फोन तिला ऐकू येत नाही. तुझी दोन ख्रिसमसची दोन पार्सलं कपाटात आहेत, दोरीसुद्धा सोडलेली नाही. मी तुला लिहिलं की ती तुझ्याबद्दल विचारत नाही. ते खरं होतं. का विचारत नाही ते लिहिलं नाही.

दुसरी गोष्ट. टेप खराब झाली नव्हती. तू गेलीस त्या दिवशी दुपारी मी शेडमध्ये एकटा होतो. डोक्यात राख घालून घेतली होती. सातव्या ट्रॅकवर रेकॉर्डचं बटण दाबलं, माइक न जोडता. अशाने जुनं पुसतं आणि नवं काही येत नाही, तुला माहीतच आहे. चार मिनिटं अकरा सेकंदांचं गाणं. मी खुर्चीवर बसून काटा बघत होतो. कुठेही थांबवू शकलो असतो. अर्धं तरी वाचलं असतं. थांबवलं नाही.

तेवढ्या एका दुपारसाठी मला 'धाडसी' म्हणतायत, आयोनी. जो तो तेच म्हणतो, आणि मी मान डोलावून थँक्यू म्हणतो.

आईला अजून सांगितलेलं नाही. डॉक्टर म्हणतात डावा कान पानगळीपर्यंत टिकला तर नशीब. त्याआधी तिला ते गाणं तुझ्या तोंडून ऐकायचंय. ती असं बोलली नाही. पण ईस्टरपासून रोज दहावं गाणं लावायला सांगते आणि कान लावून बसते, तू आत येतेस का ते बघत.

क्लोव्हिस


हार्टफर्ड, १८ मे

आयोनी,

सात आठवडे झाले, तुझं काही नाही. ठीक आहे. मीही नसतं लिहिलं.

आईला सांगितलं. कानात ओरडूनच सांगावं लागतं, त्यामुळे कबुलीही ओरडूनच दिली. "आयोनीने सांगितलं नव्हतं! मी पुसला! मी खोटं बोललो!" तीन वेळा, कारण पहिल्यांदा तिला 'पुसला' ऐकू आलं नाही आणि दुसऱ्यांदा तिचा विश्वास बसला नाही. शेजारच्या मिसेस ग्रँटने खिडकी लावून घेतली. ती बाई असं काही चाललं की एरवी खिडकी उघडते.

आई उठली. कपाटातून दोन्ही पार्सलं काढली, दोऱ्या सोडल्या. एकात निळ्या सपाता, एकात लोकरी शाल, आणि दोन्हीत तुझी पत्रं. तिचा चष्मा तिथेच टेबलावर होता. तरी तिने पत्रं माझ्या हातात दिली आणि डाव्या कानावर बोट ठेवलं.

वाचली मी. बेंबीच्या देठापासून ओरडून वाचली. "आई, माझं काय चुकलं ते तरी सांग!" "आई, इथे खूप बर्फ आहे आणि मला तुझ्या हातची मक्याची पेज खावीशी वाटते!" तुझी वाक्यं माझ्या तोंडून, सगळ्या गल्लीला ऐकू जातील अशी. एक ओळ मी गाळली, जिथे तू लिहिलंयस की क्लोव्हिसला सांभाळ, तो वरून दगड आहे पण आतून तसा नाही. आईने माझ्या ओठांकडे, मग कागदाकडे बघितलं आणि म्हणाली, "खालची ओळ राहिली." तीही वाचली.

सपाता ती तेव्हापासून घालते. त्या तिला लहान होतात.

मग मी त्या मासिकवाल्या समीक्षकाला लिहिलं. सगळं. गायिकेचं नाव आयोनी पिनॉक, गाणं तिने आमच्या वडिलांवर लिहिलंय, आणि तुम्ही ज्याला कला म्हणता तो एका चिडक्या भावाचा दुष्टपणा आहे, तेव्हा कृपा करून स्तुती मागे घ्या. म्हटलं, आता तरी कुणी मला शिव्या घालेल.

त्याने ते पत्र छापलं आणि खाली लिहिलं: "या कबुलीने गाण्याची खोली आणखी वाढते. हा त्या तबकडीचाच शेवटचा एको आहे." आणि आधी चार तारे दिले होते, ते पाच केले!

लॅसेल्स वाचून इतका हसला की त्याला ठसका लागला. मग डोळे पुसून म्हणाला, "क्लोव्ह्या, ही माणसं तुला शिक्षा करणार नाहीत. ती तुला जिच्याकडून मिळायची तिच्याकडूनच मिळेल." तुझं नाव मात्र छापून आलंय, पहिल्यांदाच. कात्रण पाठवतोय. हे परत पाठवू नकोस.

आईचा कान कमी कमी होतोय. मागच्या रविवारी चर्चची घंटा तिला ऐकू आली नाही.

क्लोव्हिस


हार्टफर्ड, १३ जुलै

आयोनी,

लॅसेल्सने तुझ्या अटी सांगितल्या. तू फोन त्याला केलास, मला नाही, हे बरोबरच आहे.

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी येशील. सकाळी गाशील, जेवून परत जाशील. चार नंबरची शेड. लॅसेल्स ड्रमवर, बेस त्याचा भाचा वाजवेल. माइक आणि टेप लॅसेल्सच्या हाताखाली. मी आत यायचं नाही. माझ्याशी बोलणार नाहीस.

सगळं मान्य. शेडच्या मालकाशी बोललो. बाकीच्या शेडमध्ये तेव्हा पानं टांगलेली असतील, पण चार नंबरची रिकामी ठेवतो म्हणाला. आईच्या खुर्चीसाठी सपाट जागा करून घेतोय.

लॅसेल्सच्या भाच्याला एवढं सांग की दुसऱ्या कडव्यात घाई करू नकोस. की मीच सांगू लॅसेल्सला? राहू दे. मी काहीच सांगत नाही.

क्लोव्हिस


हार्टफर्ड, ७ सप्टेंबर

आयोनी,

तू न बोलता गेलीस, ठरल्याप्रमाणे. त्या दिवशी बाहेरच्या बाजूला काय झालं ते तुला ठाऊक नाही, म्हणून लिहितो.

आधी आईचं. मंगळवारी सकाळी उठली आणि डावा कानही बंद झाला होता. मी पाटीवर लिहून विचारलं, डॉक्टरकडे जाऊ या का? म्हणाली, "कशाला? भरून घेतलाय मी." आणि लहान सपाता घालून पेज ढवळायला गेली. आता ती स्वतःचा आवाज न ऐकता गुणगुणते. सुरात नसतं, पण गाणं कोणतं ते कळतं.

शनिवारी तुम्ही दार लावून घेतलंत. मी उत्तरेच्या बाजूला, गवतात, उलट्या बादलीवर बसलो. शेडच्या भिंतीतल्या, पानांना हवा द्यायला उघडायच्या सगळ्या फळ्या बंद होत्या, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. आतून बेस ऐकू येत होता, जमिनीतून. लॅसेल्सचे ड्रम ऐकू येत होते. तू गात होतीस ते नुसतं कळत होतं. शब्द नाहीत. येतोय आणि जातोय. मला वाटलं होतं मला रडू येईल. नाही आलं. राग आला. त्या समीक्षकांचा. हे ऐकायला चांगलं असतं म्हणे! बाहेर बसून ऐकणाऱ्याला हे कसलं चांगलं! आपलं माणूस चार बोटं जाडीच्या लाकडापलीकडे आहे आणि काय म्हणतंय ते कळत नाही, याला पाच तारे दिले त्यांनी. मग आठवलं की आईने हेच ईस्टरपासून रोज ऐकलं. तेव्हा राग गेला आणि बसवेना.

दोनदा गायलीस. दुसऱ्यांदा मध्येच थांबलात. कुणीतरी दारापर्यंत आलं, पण दार उघडलं नाही. मग तुझा आवाज, दीड-दोन वर्षांनी माझ्यासाठी पहिला:

"क्लोव्हिस, आईला गरम होतंय. फळ्या उघड."

बाबा गेल्यापासून मी त्या फळ्यांना हात लावला नव्हता. बाहेरूनच उघडाव्या लागतात, एकेक, आकडा काढून, खालून ओढून. त्या बाजूला छत्तीस आहेत. आम्ही पोरं असताना सकाळी उघडायचो आणि दव पडायच्या आत लावायचो. मी पहिली ओढली आणि तुम्ही पुन्हा सुरू केलंत. रेकॉर्ड होत असताना फळ्या उघडायच्या नाहीत हे लॅसेल्सला कळतं. त्याने थांबवलं नाही. म्हणजे तूच त्याला सांगितलं असणार.

मी उघडत गेलो. पाचव्या फळीला मला 'बाबा' ऐकू आलं. दहाव्याला 'काठी'. मग पूर्ण ओळी यायला लागल्या. बाबा वर दोन तुळयांवर पाय फाकून उभे, खालून पानांची काठी वर येते, हातोहात, आणि ते ओरडतात, अजून एक वर! हे गाणं मी चारशे वेळा वाजवलंय आणि दीड वर्ष मिक्स केलंय. तिसऱ्या कडव्यात मी आहे हे मला माहीत नव्हतं. बेसकडे लक्ष असायचं माझं. खालून दुसरा उभा पोरगा, काठी जड म्हणून रडणारा, आणि बाबा वरून म्हणतात, तू दे, मी धरतो. तो मीच ना? तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, तुझा जन्मसुद्धा झाला नव्हता. म्हणजे बाबांनी तुला सांगितलं असणार.

ते मी पुसलं होतं.

फटींतून आत बघायचं नाही असं ठरवलं होतं. पाळलं. हातांकडे बघत गेलो. एवढंच दिसलं की ऊन आत पट्ट्यापट्ट्यांनी पडत होतं आणि एका पट्ट्यात निळ्या सपाता होत्या.

छत्तिसाव्या फळीचा आकडा गंजला होता, निघेना. बोटाला लागलं. तू शेवटच्या ओळीवर आलीस, श्वास घेतलास, मला नीट ऐकू आला, आणि आकडा निघाला. तेव्हा तू 'वर' म्हणालीस. आत आईनेही म्हटलं, ओरडून, तिला वाटलं हळू म्हणतेय.

लॅसेल्स म्हणतो या टेपमध्ये फळ्यांची करकर आली आहे, एकामागून एक, आणि तो ती काढायला बघतोय. त्याला सांग काढू नकोस म्हणून. मी सांगितलं तर ऐकणार नाही. आणि ऐकलं तरी, ते ठरवायचा हक्क तुझा आहे.

तबकडी पुन्हा निघतेय, तिच्यावर तुझं नाव वर आहे आणि मिक्सिंगला लॅसेल्सचं. माझं नाव कुठे घालायचं म्हणून कंपनीवाल्यांनी विचारलं होतं. मी म्हटलं, मी बाहेर होतो.

फळ्या संध्याकाळी मीच लावल्या. पुढच्या ऑगस्टला त्या उघडाव्या लागतील, तेव्हा मी येईन.

तुझा भाऊ,
क्लोव्हिस